दुधात न उतरलेलं जस्त

प्रिय आमशा,

'प्रिय' लिहिलं, कारण आश्रमशाळेत पत्र असंच सुरू करायला शिकवलं होतं आणि दुसरं काही मला येत नाही. नाहीतर तुझं नाव आठवलं की तोंडात थुंकी जमते. लहानपणापासूनचा दोस्त तू, वर माझ्या बहिणीचा, ममताचा नवरा. भावोजी म्हणायला पाहिजे, पण जीभ वळत नाही. पावरीत लिहिलं असतं तर दोन-चार शिव्या नीट बसल्या असत्या, पण आपली बोली लिहायची कुणाला सवय? म्हणून ही शाळेतली मराठी, माझ्या वाट्याला आली तेवढी. चुका काढत बसू नको. फोन करत नाही, कारण रेंजसाठी तुला टेकडीवर जावं लागतं आणि तुझ्यामागे तुझा भाऊ, तुझा चुलता, अर्धा पाडा चढून येतो. स्पीकर लावून सगळे ऐकतात आणि तुझ्या वतीने सगळे बोलतात. हे पत्र खात्या आणतोय. तो इथं माझ्याच खोलीत राहतो, होळीसाठी माझ्या आधी निघालाय. त्याला बजावलंय, आमशाच्या हातात दे, दुसऱ्या कुणाच्या नाही. एकटा बसून वाच. मधेच फाडू नको.

मी कुठंच टिकत नाही, हे तुला माहीत आहे. पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात एक हंगाम काढला, मळीच्या वासाला विटून पळालो. मणिबेलीकडे बोटीवर होतो, तिथून पळालो. आता गुजरातेत आहे, लोखंडावर जस्त चढवायच्या कारखान्यात. विजेच्या टॉवरचे अँगल येतात, ते आधी ॲसिडच्या टाकीत बुडवायचे, मग क्रेनने उचलून वितळलेल्या जस्ताच्या कढईत. कढई म्हणतात खरं, पण ती आपल्या घरापेक्षा लांब आहे. वरून नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो आणि शेवरीच्या कापसासारखं काहीतरी उडत राहतं. ते पापण्यांवर बसतं, नाकात जातं, भाकरीवर पडतं. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी काम केलं की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. तोंडात पैसा चोखल्यासारखी गोडसर घाण चव. याला इथं जस्ताचा ताप म्हणतात, आणि ठेकेदार त्यावर देतो काय, तर दुधाची पिशवी आणि गुळाचा खडा. म्हणतो, "दूध पी ले, सब उतर जाएगा." मी पिशवी दाताने फोडतो आणि मोरीत ओततो. बाकीची पोरं हसतात, "महाराष्ट्रवाला साहब है, दूध नहीं पीता." पण मला दूध दिसलं की तुमचं अंगण दिसतं, आमशा. का दिसतं ते तुला माहीत आहे. तू तिथंच होतास.

माहीत असलं तरी पहिल्यापासून सांगतो, कारण तुमच्या घरात प्रत्येक गोष्ट मधूनच सुरू करायची पद्धत आहे. तुमची पहिली पोर, सेवंती, झाली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. महिना उलटला आणि तिच्या तोंडाभोवती लाल चट्टे आले, मग ते फुटले, ढुंगणावर आले, बोटांच्या बेचक्यात आले. जुलाब थांबेनात, डोक्यावरचे केस फडक्याला चिकटून यायला लागले. बडव्याने, तुमच्या त्या भगताने, दाणे टाकून बघितले आणि म्हणाला, आईचं दूध सोडवा. तुझी वहिनी तेव्हा ओली बाळंतीण होती, तिने सेवंतीला पदराखाली घेतलं. पोर बरी झाली. ते मी खोटं म्हणत नाही, हे नीट वाच, मी खोटं म्हणत नाही. दुसरीच्या दुधावर पोर बरी झाली, हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. चूक बघण्यात नव्हती. त्याच्या पुढची पायरी तुम्ही डोळे मिटून चढलात.

मग बाबू झाला. त्याला तर तुम्ही ममताच्या छातीला लावूच दिलं नाही. या वेळी घरात दुसरी पाजणारी नव्हती, तर चार दिवसांच्या लेकराला बकरीचं दूध, तेही नाल्याचं पाणी घालून, त्या मळकट बाटलीतून. ते बिचारं हगून हगून वाळलं. ममता चोरून पाजायची, गोठ्यात, सरपणाच्या आडोशाला, आपल्याच लेकराला चोरासारखी. पुढं त्याच्याही तोंडाला चट्टे आले आणि ती पकडली गेली. मग काय, सगळ्यांना पाहिजे होतं ते मिळालं. डाकण. पहिली वाचली म्हणून दुसऱ्याला खाते.

मला खात्याच्या भावाने कळवलं. मी अंगणात पोचलो तेव्हा तुझ्या भावाने तिला सगळ्यांसमोर वाटीत दूध काढायला लावलं होतं. बायका बघत होत्या, पुरुष बघत होते, तुझा चुलता तर वाकून बघत होता. बडव्याने त्यात मुंगी टाकली. मुंगी जरा वळवळली आणि मेली. "बघा, विष आहे." अरे, मुंगी पाण्यात टाकली तरी मरते! मी तुमच्या बकरीच्या दुधाची वाटी उचलली आणि त्यातही मुंगी टाकली, आठवतं? तीही मेली. मला वाटलं, आता तरी कुणी हसेल. तुझा चुलता काय म्हणाला? "डाकणीच्या भावाने हात लावला, मरणारच." यावर मान हलली रे लोकांची! मग ममताचं दूध जमिनीवर ओतलं आणि वर चुलीतली राख टाकली, कुत्र्याच्या घाणीवर टाकतात तशी. तुझी आई दाराच्या आत उभी होती. आणि तू? तू ओट्यावर बसून विळ्याने काठी सोलत होतास. ममताला बाहेर काढलं, सेवंतीला तिच्या हातातून ओढून घेतलं, "हा मरायलाच झालाय, याला घेऊन जा" म्हणाले, तरी तुझी काठी सोलून होईना. मी तुझ्याकडे बघत होतो. एवढी गुळगुळीत काठी कशासाठी पाहिजे होती तुला?

बाहेरचेही काही सोन्याचे नाहीत. खाली बसमध्ये एका बाईने नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "काय व्हयनं वं पोऱ्याले? तिकडे सरक ना माय." ममता सरकली. सरकता सरकता ती मागच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. पहिल्या दवाखान्यात कुणी लेकराला हात लावेना. लांबूनच मलमाची ट्यूब दिली आणि आम्हालाच ऐकवलं, "तुम्ही लोक आंघोळ घालत नाही." म्हणून मी तिला इकडेच घेऊन आलो, इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात. तिथं चामडीच्या विभागात चेतनाबेन नावाच्या डॉक्टर आहेत. त्यांनी हातमोजे न घालता बाबूचं तोंड धरलं, ढुंगण बघितलं, बोटं उघडून बघितली. मग ममताला एकच विचारलं, "पहेलुं बाळक पण आवुं थयुं हतुं?" पहिलंही असंच झालं होतं का. ममता रडायलाच लागली, तिला वाटलं इथंही तेच निघणार. बाबूचं रक्त घेतलं, ममताचं घेतलं, आणि ममताचं दूध छोट्या बाटलीत घेतलं. बाटलीवर तिचं नाव लिहिलं, बूच लावलं, जपून ट्रेमध्ये ठेवलं. ज्या दुधावर तुम्ही राख टाकली, ते. ममता त्या ट्रेकडे बघतच राहिली.

निकाल आला. डॉक्टरबेन म्हणाल्या, बाळाला झिंक कमी पडतंय. झिंक म्हणजे जस्त, हे मला कारखान्यात कळलेलं. मला हसूच आलं. ज्याचा मामा दिवसभर जस्ताच्या धुरात खोकतो, त्याच्या भाच्याला जस्त कमी! दुसऱ्या दिवशी मी कढईवरची जस्ताची राख कागदात बांधून घेऊन गेलो. विचारलं, दुधात किती टाकू? डॉक्टरबेन खुर्चीतून उठल्याच. "गांडो थई गयो छे? मारी नाखीश छोकराने!" वेडा झालास का, मारशील पोराला, असं बरंच. ती पुडी त्यांनी स्वतःच्या हाताने डब्यात टाकली आणि मला हात धुवायला लावले. कारखान्यातलं ते विषच, त्यात शिसंही असतं म्हणाल्या. औषधाचं जस्त वेगळं, मोजून मापून, थेंबांनी द्यायचं. मग त्यांनी मला बसवलं आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. ते जसं समजलं तसं लिहितो, कारण हेच तुला कळायला पाहिजे.

आपलं अंग बारीक पेशींचं बनलेलं आहे, डोळ्यांना न दिसणाऱ्या. बाईच्या छातीतल्या ज्या पेशी दूध बनवतात, त्यांच्या पोटात अजून बारीक पिशव्या असतात. रक्तातलं जस्त पेशीत येतं. पण पेशीत आलं म्हणजे दुधात आलं, असं नाही. पिशवीला पडदा असतो, आणि मडक्यातून पाणी झिरपतं तसं जस्त त्या पडद्यातून झिरपत नाही. त्याला उचलून पलीकडे टाकणारं कुणीतरी लागतं. ते काम करायला पडद्यातच एक प्रथिन बसलेलं असतं. ते इकडचं जस्त घेतं आणि तिकडे पिशवीत सोडतं. भरलेली पिशवी पेशीच्या कडेला जाते आणि दुधात रिकामी होते. अशी प्रथिनं अंगात जागोजाग आहेत म्हणे, आतड्यात अन्नातलं जस्त आत घेणारं वेगळं, पेशीतून बाहेर काढणारं वेगळं, कुणी कुणाच्या कामात हात घालत नाही. ममताच्या अंगात सगळी धड आहेत. फक्त ते एक, दुधाच्या पिशवीवरचं, जन्मापासून वाकडं बनलेलं. तिच्या रक्तात जस्त पुरेसं होतं. दुधात बाकी सगळं होतं, साय, साखर, ताकद. फक्त जस्त नावापुरतं. मी म्हटलं, मग हिलाच जस्त खायला द्या. तर म्हणाल्या, उपयोग नाही. आणि ते मला लगेच कळलं. आमच्याकडे क्रेन बंद पडली की कढई काठोकाठ भरलेली असते आणि अँगल बाजूला कोरडेच पडून राहतात. कढईत आणखी जस्त ओतून काय होणार? पण क्रेन बिघडली म्हणून कुणी कढईला डाकण म्हणत नाही. माणसं आहेत का जनावरं तुम्ही?

बाबूला थेंब सुरू केले आणि ममताचंच दूध पाजायला सांगितलं. उघड्यावर, सगळ्यांसमोर, वॉर्डात. आठवडा झाला नसेल, तोंडाभोवतीची खपली पडली आणि खालून नवी चामडी आली, गव्हाळ, मऊ. आता डोक्यावर केस उगवताहेत. त्याच्या स्वतःच्या आतड्यातलं प्रथिन चांगलं आहे, म्हणून जन्मभर औषध लागणार नाही. वरचं खायला लागला आणि डॉक्टरबेननी सांगितलं की थेंब बंद. आणि सगळ्यात जास्त किळस मला कशाची आली माहीत आहे? जस्ताच्या गोळ्या आपल्या पाड्यावरच्या आशाताईच्या पेटीत असतात. जुलाबाच्या मिठाच्या पुडीबरोबर देतात त्याच. तुम्ही वारंवार बडव्याकडे गेलात. त्या पेटीपर्यंत, चार घरं ओलांडून, कुणी गेलं नाही.

डॉक्टरबेननी अजून एक विचारलं. हे रक्तातून येतं, आईकडून नाहीतर बापाकडून, एकाकडून आलं तरी पुरतं. तुमच्या आईच्या लेकरांना असं काही झालेलं का? मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मला होळीचा गूळ आठवला. आमशा, दर होळीला मी तुझ्या आईच्या, सोनीआईच्या हातावर गूळ ठेवतो, दुधाचा मान म्हणून, आपल्या पाड्यावर ज्याने दुसरीचं दूध प्यालं तो ठेवतोच. आणि दर होळीला सोनीआई गूळ तोंडात टाकून सगळ्यांना तीच गोष्ट सांगते. "हा दिलवर माझ्या मांडीवर आला तेव्हा याचं तोंड भाजलेल्या मक्यासारखं होतं, ढुंगण माकडासारखं लाल, डोक्याला एक केस नाही!" मग सगळे हसतात, तू तर सगळ्यात जास्त, मला "माकड" म्हणून ढकलतोस. अरे, ती हसण्याची गोष्ट नव्हती. तो दाखला होता. माझ्या आधीची माझ्या आईची दोन लेकरं अशीच गेली. मला तुझ्या आईने एका बाजूला तू आणि एका बाजूला मी असं पाजलं, म्हणून मी आहे. ममता झाली तेव्हा आईने घाबरून तिला मामीच्या दुधावर टाकली. तेव्हाही बडवा होता, तेव्हाही आईचं नाव निघालं होतं. पण माझा बाप उदेसिंग कुऱ्हाड घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "जिचं दूध वाईट ती माझी बायको आहे, तुमची नाही. या आत, कुणाला यायचंय ते." कुणी आलं नाही. आई म्हातारी होऊन मेली, आपल्या घरात. माझ्या बापाला झिंकबिंक काही माहीत नव्हतं. अंगठा उठवायचा तो. तू तर दहावीला दोनदा बसलास.

हे वाकडं प्रथिन कदाचित माझ्याही रक्तात असेल. पण मला कुणी डाकण म्हणणार नाही, पुरुषाच्या छातीत काय चालतं काय बंद पडतं, कोण बघतो. सेवंतीत असेल का नसेल, ते नाणं उडवल्यासारखं आहे, म्हणाल्या. असलं तर ती मोठी होईल, तिला लेकरू होईल, त्याच्या तोंडाला चट्टे येतील. त्या अंगणात तुझी पोर वाटी धरून उभी असेल आणि कुणीतरी मुंगी शोधत असेल. तेव्हाही तू काठी सोलत बसणार का?

आता हे कशासाठी लिहिलं ते सांगतो. या पत्राचं ममताला माहीत नाही. ती धडगावच्या होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला जायची तयारी करतेय. तिच्या डोक्यात पक्कं बसलंय की तू येशील, सेवंतीला खांद्यावर घेऊन, लग्नाआधी ढोल घेऊन आला होतास तसा, आणि बाबूला बघशील आणि म्हणशील, चल घरी. सेवंतीसाठी तिने लाल झगा शिवून घेतलाय, अंदाजाने, जरा मोठाच, की पोर इतक्यात वाढली असेल. बाबू हे नुसतं लाडाचं, खरं नाव ठेवू देत नाही मला, म्हणते नाव बापाच्या घरात ठेवायचं. मला तिचीही चीड येते. मी असतो तर त्या घरावर थुंकलोसुद्धा नसतो. पण घर तिचं आहे, पोर तिची आहे, मी कोण? तर ऐक. येणार नसशील तर खात्याजवळ सांग, मी तिला बाजारात आणणारच नाही. जीप चुकली म्हणेन, ताप आला म्हणेन, वाटेल ते खोटं बोलेन, पण तिला दिवसभर ढोलांच्या गर्दीत एकेका माणसाचा खांदा बघत उभी राहू देणार नाही. आणि येणार असशील तर सोनीआईला घेऊन ये. यंदा गूळ मी इथूनच घेतलाय, ठेकेदाराचा नाही, चांगला. आधी बाबूला तिच्या मांडीवर ठेवीन, मग हातावर गूळ. तिने फक्त ती दरवर्षीची गोष्ट सांगायची, भाजलेल्या मक्याची, आणि शेवटी पदर बाजूला करून त्याचं तोंड लोकांना दाखवायचं. बाकी मी बघतो. मग तुम्ही घरी जाल तेव्हा तुझा भाऊ येईल, चुलता येईल, बडवाही येईल. तेव्हा तू दारात उभा राहा. कुऱ्हाड नको, शिव्या नकोत, माझ्या बापाएवढं बोलताही येणार नाही तुला. नुसता उभा राहा. त्या दिवशी तू बसून होतास, तेवढं एक मला विसरायचं आहे.

तुझाच, तुझ्या आईच्या दुधावर जगलेला,
दिलवर